कूलरचा पंप आणि विमानाचा वेग

मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकाजींची मुलगी पुण्याहून नागपूरला आली. विमान सोनेगावच्या धावपट्टीच्या अगदी जवळ आलं होतं, मिहानमधल्या इमारतींच्या खिडक्यासुद्धा दिसायला लागल्या होत्या, आणि एकाएकी इंजिनांचा आवाज वाढून ते परत वर चढलं. मोठा फेरा मारून वीसेक मिनिटांनी नीट उतरलं. पोरगी घरी आली तरी तिचे हात गारच होते. संध्याकाळी काकाजींनी मला फाटकाशीच गाठलं. "पायलट कच्चा असन न बेटा? अन् आता तर सगळं कम्प्युटरच करते म्हणतात, मग असं होतेच कसं?"

त्यांच्या बोलण्यात दोन समजुती होत्या आणि त्या बहुतेकांच्या असतात. हल्ली विमान आपोआप उतरतं, ही पहिली. अपघात झाला म्हणजे एक तर यंत्र बिघडलं किंवा पायलट चुकला, ही दुसरी. मी बरीच वर्षं विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचत आले आहे. उतरतानाचे कितीतरी अपघात या दोन्हींच्या मधल्या जागेत घडलेले दिसतात: यंत्र सांगितलं तेच करत होतं, पायलट जाणता होता, पण यंत्र काय करतंय याबद्दल पायलटची समजूत वेगळी होती. त्या मधल्या जागेबद्दल हे लिहिते आहे.

आधी उतरणं म्हणजे काय ते पाहू. प्रवासी विमान धावपट्टीकडे साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. उतार अगदी सौम्य. किलोमीटरभर पुढे गेल्यावर विमान जेमतेम ५२ मीटर खाली येतं. वेग १४० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी २६० किलोमीटर. मिनिटाला ७०० फूट उंची कमी होत असते. साठेक टनांचा हा ऐवज धावपट्टीच्या सुरुवातीच्या ठरलेल्या पट्ट्यात टेकवायचा आणि उरलेल्या लांबीत थांबवायचा. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची, चांगली ऐसपैस आहे. पण आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते. पंखाला तेवढाच आधार मिळायला विमानाला प्रत्यक्षात साधारण ७ टक्के जास्त वेगानं यावं लागतं, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून ब्रेकना जवळपास १५ टक्के जास्त काम पडतं. शिवाय तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट विमानाला खालून ढुशा देत असतात.

जास्त वेगानं आलं तर धावपट्टी संपते. कमी वेगानं आलं तर त्याहून वाईट. विमान हवेत असतं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. वेग घसरला की तेवढाच आधार मिळवायला नाक थोडं वर करावं लागतं. नाक वर केलं की हवेचा विरोध वाढतो आणि वेग आणखी घसरतो. एका टप्प्यानंतर हवा पंखाला धरून वाहायची थांबते. त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन ठणठणीत चालू असतानाही विमान खाली बसतं, आणि जमीन पाचशे फुटांवर असेल तर सावरायला जागाच उरत नाही.

वेग, उंची आणि दिशा सांभाळायला आता यंत्रं आहेत, पण ते एकच यंत्र नाही. ऑटोपायलट विमानाचं नाक आणि पंख सांभाळतो. ऑटोथ्रॉटल हा वेगळा गडी; इंजिनांची ताकद कमी-जास्त करून वेग राखणं हे त्याचं काम. दोघांनाही कामाच्या निरनिराळ्या पद्धती असतात, त्यांना मोड म्हणतात. कोणता मोड चालू आहे ते पायलटच्या समोरच्या पडद्यावर, वरच्या पट्टीत, लहान अक्षरांत उमटतं. पूर्ण आपोआप उतरण्याची सोयही आहे. ब्रिटनच्या ट्रायडंट विमानानं १९६५ मध्ये प्रवाशांना घेऊन तसं उतरून दाखवलं होतं, कारण लंडनच्या धुक्यात उड्डाणं अडकून पडायची. आजही ती मुख्यतः दाट धुक्यासाठीच वापरतात. त्यासाठी विमान, धावपट्टीवरची यंत्रणा आणि दोन्ही पायलटांचं प्रशिक्षण, सगळंच त्या दर्जाचं लागतं. एरवी ऑटोपायलट बरंच खालपर्यंत विमान आणतो आणि शेवटचा घास पायलट स्वतःच्या हातानं घेतो. तुम्ही-आम्ही ज्या विमानांतून नागपूरला येतो, त्यातली बहुतेक अशीच उतरतात.

आता कूलरकडे येते. नागपूरकरांना हे समजायला दुसरं उदाहरण नको. कूलरला दोन बटणं असतात, पंख्याचं आणि पंपाचं. रात्री झोपताना आपण दोन्ही लावतो. टाकीतलं पाणी संपतं किंवा पंप अडकतो, पण पंखा घरघरतच राहतो. आवाज तोच, वारा येतोच आहे, दिवाही लागलेला. म्हणून तासभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग तीन वाजता घामानं उशी भिजली की जाग येते. कूलर पूर्ण बंद पडला असता तर शांततेनं लगेच जाग आली असती. अर्धवट चालणारं यंत्र जास्त फसवतं.

६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत असंच घडलं. दक्षिण कोरियाच्या एशियाना कंपनीचं बोइंग ७७७, आत ३०७ माणसं, लख्ख ऊन. धावपट्टीवरचं उताराचा मार्ग दाखवणारं रेडिओ उपकरण बांधकामामुळे बंद होतं, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज घेत उतरायचं होतं. विमान ठरल्यापेक्षा उंच होतं. लवकर खाली यावं म्हणून पायलटनं एक मोड निवडला. पण त्या मोडनं आधी भरून ठेवलेल्या उंचीकडे पाहिलं, ती वर होती, म्हणून तो विमान वर न्यायला लागला. पायलटनं ऑटोपायलट काढला आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, हातानं मागे ओढला. त्याच क्षणी ऑटोथ्रॉटल 'होल्ड' अवस्थेत गेला. होल्डचा अर्थ असा की थ्रॉटल आहे तिथेच राहू दे, मी त्याला हात लावणार नाही. बटण मात्र चालूच दिसत होतं. पंखा चालू, पंप बंद.

पायलट समजून होता की वेग यंत्र सांभाळतंय. हवा होता १३७ नॉट, तो १०३ पर्यंत घसरला. विमानाची शेपटी समुद्राच्या बांधाला धडकली. तीन प्रवासी गेले. त्या पायलटच्या खात्यात जवळपास दहा हजार तासांचं उड्डाण होतं, ७७७ वर मात्र पन्नास तासही झाले नव्हते. शेजारी बसलेला प्रशिक्षक त्या दिवशी पहिल्यांदाच प्रशिक्षक म्हणून उडत होता. अमेरिकेच्या चौकशी मंडळानं दोष पायलटांवर ठेवलाच, पण ऑटोथ्रॉटलची गुंतागुंत आणि ती पुस्तकांत व प्रशिक्षणात नीट न समजावणं हेही कारणांत नोंदवलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. 'पायलटची चूक' एवढंच लिहून फाईल बंद केली असती, तर पुढच्या पायलटला तोच मोड, तेच पुस्तक आणि तोच सापळा मिळाला असता.

चार वर्षं आधी, २५ फेब्रुवारी २००९ ला, अ‍ॅमस्टरडॅमला तुर्की कंपनीचं बोइंग ७३७ उतरत होतं. विमानाच्या पोटाखालून जमिनीची उंची मोजणारी दोन रेडिओ उपकरणं असतात. त्यातलं डावं बिघडलं होतं. विमान दोनेक हजार फुटांवर असताना ते सांगत होतं उणे ८ फूट, म्हणजे विमान जमिनीलाच टेकलंय. ऑटोथ्रॉटल या डाव्या उपकरणाचं ऐकायचा. जमीन आली असं समजून त्यानं इंजिनांची ताकद काढून घेतली. उजवं उपकरण बरोबर होतं आणि ऑटोपायलट त्याच्या भरवशावर शहाण्यासारखा उतरत होता. एकाच विमानात दोन यंत्रांची दोन वेगवेगळी मतं!

यातली खरी खोच पुढे आहे. विमान उतारापेक्षा थोडं वर होतं आणि त्याला वेग कमी करायचाच होता. त्यामुळे ताकद कमी झाली तेव्हा पायलटांना ते योग्यच वाटलं. चूक बरोबर वाटण्याजोग्या वेळी झाली. वेग हवा त्याच्या खाली जात राहिला तेव्हा कॉकपिटमधले तिघंही पायलट उतरण्याआधीची तपासणी उरकण्यात गुंतले होते. स्टॉलचा इशारा ४६० फुटांवर मिळाला. सहवैमानिकानं थ्रॉटल पुढे ढकलला, कप्तानानं विमान हाती घेतलं, आणि त्या अदलाबदलीत ऑटोथ्रॉटलनं तो पुन्हा मागे ओढला, कारण तो अजून चालू होता आणि त्याच्या लेखी विमान जमिनीवरच होतं. १३५ पैकी ९ जण गेले, कॉकपिटमधले तिघंही त्यांत होते.

आपल्या देशालाही हे नवं नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळूरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात पडलं. १४६ पैकी ९२ माणसं दगावली. या जातीची विमानं आपल्याकडे येऊन जेमतेम काही महिने झाले होते. शेवटच्या टप्प्यात विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं किमान ताकदीवर ठेवून नुसतं खाली यायचं. तो मोड उतरण्याच्या अगदी अखेरीस चालणारा नव्हे, हे दोन्ही पायलटांच्या वेळेत ध्यानात आलं नाही. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ याच जातीचं विमान डोंगरावर आदळून ८७ जण गेले. तिथे तर एकाच गोल बटणानं दोन कामं व्हायची, उताराचा कोन भरणं आणि मिनिटाला किती फूट उतरायचं ते भरणं. बहुधा पायलटला ३.३ अंशांचा उतार हवा होता आणि यंत्राला मिळाले मिनिटाला ३,३०० फूट. पडद्यावर एका वेळी ३.३ दिसायचं आणि दुसऱ्या वेळी ३३, फरक एवढाच. नंतर एअरबसनं तो पडदा बदलला आणि फुटांचा आकडा चार अंकी पूर्ण दाखवायला सुरुवात केली. एवढीशी दुरुस्ती, मग आधी चूक कुणाची होती?

कधी यंत्र आपल्या नियमाला इतकं चिकटून असतं की माणसाला हताश व्हायला होतं. १९९३ च्या सप्टेंबरात पोलंडच्या वॉर्सा शहरात लुफ्तान्साचं ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. वारा आडवा येईल या अंदाजानं पायलटनं एक बाजू किंचित कलती ठेवून आधी उजवी चाकं टेकवली. प्रत्यक्षात वारा मागून येत होता. आता, हवेत असताना चुकून ब्रेकची यंत्रणा उघडू नये म्हणून नियम असा होता, की दोन्हीकडच्या चाकांवर पुरेसा भार आल्याशिवाय किंवा चाकं पुरेशी फिरल्याशिवाय विमान जमिनीवर आहे असं मानायचं नाही. नियम शहाणपणाचाच होता. पण डाव्या चाकांवर भार यायला ९ सेकंद लागले, पाण्यावरून सरकणारी चाकं फिरत नव्हती, आणि तोवर पंखांवरच्या हवा अडवणाऱ्या पट्ट्या उघडल्या नाहीत. विमान धावपट्टी ओलांडून बांधावर गेलं. पायलट ब्रेक मागत होता आणि यंत्र म्हणत होतं, अजून आपण हवेत आहोत.

याच्या उलट दुबईला झालं. ३ ऑगस्ट २०१६, तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७, कडक ऊन, बदलता वारा. विमान धावपट्टीवर लांबवर टेकलं आणि पायलटनं पुन्हा वर जायचं ठरवलं. निर्णय बरोबर. वर जाण्याचं बटण दाबलं, नाक उचललं, चाकं आत घ्यायला सुरुवात केली. पण चाकं एकदा टेकली की ते बटण काम करत नाही, अशी त्याची रचना होती. थ्रॉटल हातानं पुढे ढकलायला हवा होता. रोजच्या सरावात ते काम बटणच करतं, म्हणून हात तिकडे गेला नाही. ८५ फूट चढलेलं विमान परत धावपट्टीवर बसलं. सर्व ३०० जण बाहेर पडले, एका अग्निशमन जवानाचा मात्र जीव गेला.

हात तिकडे गेला नाही, हे वाक्य मी जाणूनबुजून लिहिलं. १९४९ मध्ये नागपूरला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. रात्रीमागून रात्री ते वैमानिक हातानंच उतरायचे. ते दिवस चांगले होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या काळी विमानं आजच्या तुलनेत फार जास्त पडायची. डोंगर समोर आला तर ओरडून सांगणारं यंत्र आलं, आणि त्या एका सोयीनं किती जीव वाचले याची गणती नाही. पण हातानं करायचं काम हात विसरतो, हेही तितकंच खरं. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेनं २०१३ च्या जानेवारीतच कंपन्यांना कळवलं होतं की पायलटांना हातानं उडवण्याची संधी द्या. सॅन फ्रान्सिस्कोचा अपघात त्याच वर्षी जुलैत झाला. आणि नुसतं यंत्राकडे पाहत बसणं हे माणसाला सगळ्यात वाईट जमतं. दहा हजार वेळा बरोबर वागलेल्या गोष्टीवर दहा हजार एकाव्या वेळी तेवढ्याच संशयानं नजर ठेवायला सांगून पाहा.

आता काकाजींच्या मुलीच्या विमानाकडे वळते, कारण परत वर जाणं हा या सगळ्यावरचा सर्वात जुना आणि सर्वात स्वस्त उपाय आहे. त्याला गो अराउंड म्हणतात. नियम सोपा आहे. ढग असतील तर १,००० फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर साधारण ५०० फुटांवर येईपर्यंत वेग, उतार, इंजिनांची ताकद, चाकं, सगळं जागच्या जागी असलं पाहिजे. नसेल तर विचार करत बसायचं नाही, वर जायचं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात दिसलं की शंभर उतरण्यांपैकी तीन-चार या कसोटीला उतरत नाहीत, आणि त्यातल्याही शंभरांत जेमतेम तीन पायलट वर जातात. बाकीचे उतरतात, आणि बहुतेक वेळा निभावतंही. निभावतं म्हणूनच सवय लागते.

२२ मे २०१० ला मंगळूरला निभावलं नाही. आवाजाच्या नोंदीत सापडलं की कप्तान दीड तासाहून जास्त वेळ झोपले होते. जाग आल्यावर विमान फार उंच, फार वेगात होतं. सहवैमानिकानं तीनदा वर जाऊ या असं सुचवलं. विमान ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट मागे टाकून टेकलं आणि टेकडीवरून खाली गेलं. १५८ जण गेले, आठ वाचले.

७ ऑगस्ट २०२० चं कोझिकोड लिहिताना हात जड होतो. त्या विमानाचे कप्तान दीपक साठे हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर होते, नागपूरशी त्यांचं घरचं नातं होतं, आणि त्या आठवड्यात इथल्या घराघरांत तोच विषय होता. कोरोनाकाळात दुबईहून आपली माणसं आणणारं ते विमान. मुसळधार पाऊस. पहिला प्रयत्न सोडून त्यांनी विमान वर नेलं होतं, हे बरेच जण विसरतात. कप्तानांच्या बाजूचा काचेवरचा वायपर बंद पडला होता, दुसऱ्या प्रयत्नातही तो धड चालत नव्हता. हा प्रयत्न विरुद्ध बाजूनं, मागून वारा असताना झाला. साधारण ५०० फुटांवर ऑटोपायलट काढल्यावर उतरण्याचा दर वाढत मिनिटाला १,५०० फुटांपर्यंत गेला. मग विमान धावपट्टीवर तरंगत राहिलं आणि ८,८५८ पैकी ४,४३८ फूट गेल्यावर टेकलं. सहवैमानिकाची गो अराउंडची हाक नोंदीत आहे. २१ जण गेले, दोघे पायलट त्यांतच.

चौकशी अहवालानं मुख्य कारण म्हणून ठरलेली पद्धत न पाळणं हेच लिहिलं. ते मी लपवणार नाही. पण तोच अहवाल पुढे हेही नोंदवतो की सहवैमानिकानं विमान आपल्या ताब्यात घ्यायला हवं होतं ते झालं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण याच कप्तानांना न्यायचं होतं आणि विमान दुसरीकडे वळवलं तर तेही अडणार होतं, आणि कंपनीच्या व्यवस्थेत उणिवा होत्या. आंतरराष्ट्रीय नियमांत, आणि आपल्या २०१७ च्या चौकशी नियमांतही, स्पष्ट म्हटलं आहे की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, कुणाला दोषी ठरवणं हा नाही. इतका अनुभवी माणूस त्या रात्री तसा का वागला, हा प्रश्न तिथून सुरू होतो. आपण मात्र मथळ्यात 'पायलटची चूक' वाचतो आणि पान उलटतो.

हे सगळं मी काकाजींना दोन-तीन संध्याकाळी मिळून सांगितलं. कूलरचं त्यांना लगेच पटलं. मुलीच्या विमानाचं नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही. खालून गरम हवेचा झोत आला असेल, वेग जास्त भरला असेल, पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला व्हायचं राहिलं असेल. पण चारशे-पाचशे फुटांवर, मागे दीडशे माणसं बसलेली असताना, इंधन आणि वेळ दोन्ही वाया जाणार हे माहीत असताना, त्या कॉकपिटमध्ये कुणीतरी गो अराउंड म्हणालं आणि दुसऱ्यानं ते त्याच क्षणी ऐकलं.

काकाजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तो पायलट कच्चा नव्हता तर," आणि पोरीला फोन लावायला आत गेले.